‘पास आउट’ झालात, मग पाणी कुणी दिलं?

प्रश्न : बाई, मी इचलकरंजीचा. सूतगिरणीत हिशेबनीस होतो, आता निवृत्त. धाकटा मुलगा आयर्लंडमध्ये कॉर्कला असतो, सूनबाई तिथल्याच आहेत. स्वभावानं मोकळ्या आहेत आणि मलाही त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची हौस आहे. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी माझ्या शिक्षणाचं विचारलं. मी सांगितलं, ‘आय पास्ड आउट इन १९७९.’ त्यांचा चेहरा एकदम उतरला. म्हणाल्या, ‘ओ गॉड! वेअर यू ऑल राइट?’ मी म्हटलं, ‘येस येस, सेकंड क्लास.’ मागे मुलगा पोट धरून हसत होता. नंतर त्यानं सांगितलं की पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं. मग मला सांगा, खडकवासल्याला दर सहा महिन्यांनी ‘पासिंग आउट परेड’ होते, ती काय बेशुद्ध पडायची परेड असते? चुकलं कुणाचं, माझं की सूनबाईंचं?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ‘येस, सेकंड क्लास’ हे मी माझ्या वहीत उतरवून ठेवलं आहे. एकतीस वर्षं साताऱ्यात ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवलं, त्या सगळ्या काळात इतकं प्रामाणिक उत्तर ऐकायला मिळालं नव्हतं.

चुकलं कुणाचंच नाही. मुलानं मात्र तुम्हाला अर्धंच सांगितलं. हसणाऱ्यांचं तसंच असतं, अर्धं कळलं की हसू येतं.

आधी आपल्याच भाषेतलं एक क्रियापद घ्या. ‘बोलणे’. रागाच्या भरात मी बोलून गेले. मनात साठलेलं एकदाचं बोलून टाकलं. भलत्या माणसासमोर नको ते बोलून बसले. लग्नाचं पाहुण्यांशी आधीच बोलून ठेवलं. नाराजी तेवढी बोलून दाखवली. बोलणं तेच, पण गेले, टाकलं, बसले, ठेवलं, दाखवलं या शेपटांनी प्रत्येक वेळी अर्थ फिरवला. यात ‘बसले’ म्हणजे कुणी खुर्चीवर बसलं नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मराठी शिकणारा परदेशी माणूस मात्र इथेच रडकुंडीला येतो. इंग्रजीत हेच काम आउट, ऑफ, अप, ऑन, ओव्हर असले चिमुकले शब्द करतात आणि तिथे रडकुंडीला यायची पाळी आपली असते. याला व्याकरणात फ्रेझल व्हर्ब म्हणतात. हे नाव तसं अलीकडचं. लोगन पिअर्सॉल स्मिथ यांनी ते १९२५ साली वापरलं आणि ते सुचवण्याचं श्रेय ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. प्रयोग अर्थात त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून लोकांच्या तोंडी होते.

आता पास आउट. तुमचा अर्थ तुम्ही किंवा तुमच्या मास्तरांनी घरी बनवलेला नाही. प्रशिक्षण पुरं करून संस्थेतून बाहेर पडणं हा अर्थ अस्सल ब्रिटिश आहे आणि तो लष्करी छावणीतला आहे. इंग्लंडमध्ये सॅंडहर्स्टला अधिकारी घडवणारी अकादमी आहे. तिथे शिक्षण संपवून निघालेल्या तरुणाबद्दल ‘ही पास्ड आउट ऑफ सॅंडहर्स्ट’ असंच म्हणतात. तिथल्या संचलनाच्या शेवटी अकादमीचा ॲडज्युटंट, म्हणजे शिस्त आणि संचलन पाहणारा अधिकारी, आपला घोडा थेट जुन्या इमारतीच्या पायऱ्यांवर चढवून आत नेतो. तो घोडा पायऱ्या चढताना बिचकत कसा नाही, याचं मला नेहमी कोडं पडतं. ते असो. सूनबाईंना तर सॅंडहर्स्टपर्यंतही जायला नको. त्यांच्याच देशात टिपरेरी परगण्यात टेंपलमोर नावाचं गाव आहे. १९६४ पासून आयर्लंडच्या पोलिसांचं, म्हणजे गार्डांचं, प्रशिक्षण तिथे होतं. नवे गार्डा तिथून बाहेर पडतात तेव्हा आयरिश वर्तमानपत्रं ‘पासिंग आउट’ हेच शब्द छापतात. सूनबाईंना टेंपलमोरचं नाव सांगून बघा, लगेच ओळखतील.

म्हणजे हा अर्थ त्यांना ठाऊक आहे, फक्त गणवेशासोबत. सूतगिरणीतले निवृत्त सासरे बी.कॉम. होऊन ‘पास आउट’ झाले, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आपण भारतीयांनी तो शब्द परेडच्या मैदानावरून उचलला आणि इंजिनिअरिंग, बी.एड., आयटीआय, अगदी शिवणक्लासपर्यंत सगळीकडे फिरवला.

इतका तो आपल्याला का मानवला, याचं माझं एक अनुमान आहे. ‘मी ७९ ला कॉलेजातून बाहेर पडलो’ हे शुद्ध मराठी वाक्य आहे. पास आणि आउट, दोन्ही त्यात जसेच्या तसे बसतात. आपल्याकडे गुरुगृहातून बाहेर पडण्याचा संस्कारच आहे, सोडमुंज. मुंज होऊन आत जायचं, सोडमुंज होऊन बाहेर यायचं. आता ती लग्नाच्या आदल्या दिवशी घाईघाईत उरकतात आणि नवरामुलगा मोबाइल बघत पाटावर बसलेला असतो, पण कल्पना तीच.

खडकवासल्याचं म्हणाल, तर तिथे शब्द फार काटेकोर वापरले जातात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या तीन वर्षांनंतर कॅडेटांना दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. पदवी मिळते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची आणि तिच्यासाठी पदवीप्रदान समारंभ वेगळा होतो. तिथे ते ‘ग्रॅज्युएट’ होतात. संचलन होतं खेत्रपाल मैदानावर. १९७१ च्या युद्धात परमवीरचक्र मिळवणारे अरुण खेत्रपाल याच प्रबोधिनीचे, त्यांचं नाव मैदानाला आहे. तिथून ‘अंतिम पग’, म्हणजे शेवटची पायरी, ओलांडून गेले की ते ‘पास आउट’ होतात. ३० मे २०२५ च्या संचलनात पहिल्यांदाच मुली ‘पास आउट’ झाल्या, सतरा जणी. त्या दिवशी मी दूरदर्शनसमोरून उठले नाही, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही मोजलं नाही. आपली मराठी वर्तमानपत्रं याला ‘दीक्षान्त संचलन’ म्हणतात. हा शब्द मला पासिंग आउटपेक्षा कितीतरी भारदस्त वाटतो. अडचण एवढीच की विद्यापीठाच्या समारंभालाही आपण दीक्षान्तच म्हणतो, त्यामुळे इंग्रजीतला हा भेद मराठीत पुसला जातो.

आता सूनबाईंचा अर्थ. शुद्ध हरपणं. आज ब्रिटन, अमेरिका, आयर्लंड, सगळीकडे रोजच्या बोलण्यात पहिला अर्थ हाच. गंमत अशी की हे दोन अर्थ एकाच मैदानावर भेटतात. १० जून २०२३ ला लंडनमध्ये प्रिन्स विल्यम यांच्यासमोर गार्ड्सचं, म्हणजे राजाच्या रक्षक पलटणींचं, संचलन होतं. पारा तीस अंशांवर, अंगात जाड लोकरी डगले, डोक्यावर अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्या. काही सैनिक उभ्याउभ्या कोसळले. माणूस ताठ, निश्चल उभा राहिला की रक्त पायांत साचतं. पोटऱ्यांचे स्नायू हलले तरच ते वर ढकललं जातं. डोक्याला रक्त कमी पडलं की माणूस खाली. म्हणून जुने हवालदार पोरांना सांगतात, सावधानमध्ये उभं असलात तरी बुटातल्या बुटात बोटं हलवत राहा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा भाचा एका प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडला तेव्हा आम्ही अख्खं घर गेलो होतो. मे महिना, पहाटे चारला निघालेलो. थोरल्या जाऊबाईंची संकष्टी, त्यामुळे पोटात चहाखेरीज काही नाही. भाचा दिसावा म्हणून त्या खुर्ची सोडून दोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, तासभर. बँड वाजायला लागला आणि जाऊबाई माझ्या खांद्यावरून सरळ खाली. शेजारच्या एका बाईंनी पिशवीतून कांदा काढून बुक्कीनं फोडला आणि नाकाशी धरला. तेवढ्यात एक जवान धावत आला, कांदा बाजूला केला, जाऊबाईंना सपाट आडवं केलं आणि दोन्ही पाय उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवले. मिनिटभरात डोळे उघडले. पहिलं वाक्य : ‘आपला कुठं गेला?’ आपला तोवर पुढून निघून गेला होता. रात्री भाच्यानं मित्राला फोनवर सांगितलेलं वाक्य मी पुढे दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहीत आले : ‘मामी पास्ड आउट ॲट माय पासिंग आउट.’ शुद्धीवर येणं म्हणजे ‘केम राउंड’, हे त्याच धड्यात उरकून घ्यायचे.

इथे एक बारीक गोष्ट, आणि तुमच्या वयात ती फार कामाची. आपण ‘मला भोवळ आली’, ‘घेरी आली’, ‘चक्कर आली’ म्हणतो आणि भिंत धरून उभे राहतो. दोन मिनिटांनी ठीक. हे पास आउट नाही. हे ‘आय फेल्ट डिझी’ किंवा ‘आय फेल्ट फेंट’. पास आउट म्हणजे शुद्ध गेलीच पाहिजे, मध्ये काय झालं ते दुसऱ्यानं सांगावं लागलं पाहिजे. तुम्ही कॉर्कला गेलात, तब्येत बिघडली आणि डॉक्टरनं विचारलं, ‘डिड यू पास आउट?’ तर ‘येस, १९७९’ म्हणू नका. आणि नुसती चक्कर आली असताना होकारही देऊ नका, नाहीतर मेंदूपासून हृदयापर्यंत सगळ्या तपासण्या काढून मोकळे होतील.

दारूच्या संदर्भातही हा शब्द फार चालतो. ‘ही पास्ड आउट ऑन द सोफा’ म्हणजे तो पिऊन सोफ्यावर ढेर झाला. दमून गाढ झोपलेल्यालाही म्हणतात. अतिशयोक्तीत तर मराठी आणि इंग्रजी अगदी जुळ्या बहिणी : ‘आय नियरली पास्ड आउट व्हेन आय सॉ द बिल’ आणि ‘बिल बघून मला भोवळच आली’. अमेरिकेत आणखी एक अर्थ आहे, वाटप करणं. तिथली शिक्षिका म्हणते, ‘पास आउट द पेपर्स’, म्हणजे पेपर वाटा. त्यात मध्ये ‘देम’ घालता येतं, ‘पास देम आउट’. बेशुद्धीच्या अर्थात मध्ये काही शिरत नाही, कारण तिथे कर्म नाहीच. जो पडतो तो एकटाच पडतो.

मग तुम्ही काय म्हणावं? इचलकरंजीत, पुण्यात, बंगळुरात, समोर भारतीय माणूस असेल तर खुशाल पास आउट म्हणा. कोट्यवधी लोकांना कळणारा शब्द चुकीचा कसा? समोर सूनबाई असतील तर ‘आय ग्रॅज्युएटेड इन १९७९’, किंवा साधं ‘आय डिड माय बी.कॉम. इन कोल्हापूर’. (कोल्हापूर मी अंदाजानं म्हणते. तुमच्या काळात इचलकरंजीच्या माणसाची पदवी शिवाजी विद्यापीठाचीच असायची.) ग्रॅज्युएट हा शब्दही जपून वापरा. ब्रिटनमध्ये तो परंपरेनं पदवीसाठीच, अमेरिकेत मात्र शाळेतूनही ग्रॅज्युएट होतात, बालवाडीतूनसुद्धा, झगा-टोपी घालून.

एक प्रयोग मात्र मी भारतातही चालवून घेणार नाही. ‘आय पास्ड आउट बी.कॉम.’, ‘शी पास्ड आउट द एक्झाम’. ‘आउट’ जागेतून होतं, परीक्षेतून नाही. परीक्षा नुसती ‘पास’ करायची. आपला ‘उत्तीर्ण’ हा शब्दही मुळात पार तरून गेलेला असा आहे. नदी तरली, संपलं, पुढे आणखी शेपूट कशाला?

आणि अर्जावरचा तो रकाना, ‘इयर ऑफ पासिंग’. माझ्या नोकरीत त्यावर किती सह्या केल्या असतील देव जाणे, कधी खटकलं नाही. निवृत्तीनंतर नवऱ्याच्या एका इंग्रज सहकाऱ्याच्या मुलीचं पत्र आलं. ‘सिन्स माय फादर्स पासिंग’ अशी सुरुवात होती. तिथे पासिंग म्हणजे निधन. मला त्या रकान्याची आठवण झाली आणि शोकपत्र हातात धरून हसू फुटलं. नवरा आठवडाभर नीट बोलला नाही.

राहता राहिली तुमची बाजू, तर एक हत्यार देते. आयर्लंडच्या इंग्रजीत पास आउटचा आणखी एक अर्थ आहे, जो लंडनच्या माणसालाही बुचकळ्यात टाकतो. ओव्हरटेक करणं. कॉर्कच्या रस्त्यावर कुणी सहज म्हणेल, ‘अ ट्रॅक्टर पास्ड मी आउट.’ म्हणजे ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला. सूनबाई हे आपल्या घरात रोज बोलत असणार. पुढच्या कॉलवर त्या तसं म्हणाल्या की तुम्ही चेहरा उतरवायचा आणि विचारायचं, ‘ओ गॉड! वॉज द ट्रॅक्टर ऑल राइट?’

प्रश्न : मी हिंजवडीत एका कंपनीत काम करते. इंग्लंडच्या क्लायंटला आमच्या टीमनं नवा प्रस्ताव पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘थँक्स, वुई विल पास ऑन धिस.’ मी आनंदानं सगळ्यांना सांगितलं की प्रस्ताव वरिष्ठांकडे पुढे गेला. तीन आठवडे वाट बघितली. नंतर कळलं की तो नकार होता. डिक्शनरीत तर पास ऑन म्हणजे पुढे देणे असंच आहे!
— एक वाचक, पुणे

उत्तर : डिक्शनरी खरी आहे, नकारही खरा आहे. पुढे देण्याच्या अर्थात ‘पास’ आणि ‘ऑन’ सुटे होतात आणि वस्तू मध्ये येते : ‘वुई विल पास इट ऑन’. निरोप पोचवणं, आजार लावणं, आजीच्या पाटल्या नातीला देणं, सगळं यात बसतं. नकाराच्या अर्थात ‘पास’ एकटं उभं असतं आणि ‘ऑन’ पुढच्या गोष्टीला चिकटलेलं असतं : ‘वुई विल पास ऑन इट’. पत्त्यांत आपला डाव सोडताना ‘पास’ म्हणतो ना, तेच हे पास. ‘या गोष्टीवर आमचा पास.’ ‘इट’ मध्ये आहे की शेवटी, एवढंच बघायचं. मध्ये असेल तर गोष्ट पुढे सरकली, शेवटी असेल तर गोष्टच संपली.

तुमच्या बाबतीत ‘धिस’ शेवटी होतं. आता घोळ असा की ‘इट’ किंवा ‘धिस’ऐवजी लांब नाम आलं, म्हणजे ‘वुई विल पास ऑन द प्रपोजल’, तर इंग्रज माणूसही पुढचं-मागचं बघूनच अर्थ ठरवतो. म्हणून शंका आली की दुसऱ्याच दिवशी एका ओळीत विचारावं, ‘सो शॅल वुई क्लोज धिस?’ तीन आठवडे कशाला बसायचं?

इंग्रज नकार देताना आधी ‘थँक्स’ म्हणतो, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे स्थळ नाकारताना ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतात, तसं. आणि हो, ‘ही पास्ड ऑन’ असं नुसतं वाक्य आलं, मागे-पुढे वस्तू नाही, तर तिथे माणूस गेला असं समजायचं. अभिनंदनाचं उत्तर पाठवू नका.

प्रश्न : नोकरीच्या जाहिरातीत ‘ओन्ली २०२४ पासआउट्स’ असं लिहिलंय. हे इंग्रजी बरोबर आहे का? मी २०२२ ची आहे.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पासआउट हे नाम, म्हणजे ‘अमुक साली बाहेर पडलेला विद्यार्थी’, फक्त आपल्याकडे चालतं. परदेशी पाठवायच्या बायोडेटात ‘२०२२ ग्रॅज्युएट’ लिहा. ऑस्ट्रेलियात मैदानाच्या फाटकावर ‘नो पासआउट्स’ अशी पाटी असते, तिचा अर्थ एकदा बाहेर गेलात की त्याच तिकिटावर परत आत सोडणार नाही. तिथे आपली जाहिरात लावली तर लोक रांगच लावणार नाहीत.

बाकी २०२२ ची असूनही अर्ज करावा का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात तेच दिसतंय. करा. फार तर ‘पास ऑन इट’ म्हणतील.